मापवाल्या अण्णांचा शेरा

भर पावसात चिंब भिजत उभे असतानाही कुणी विचारलं, "अण्णा, पाऊस पडतोय का?" तर मापवाले अण्णा म्हणत, "उद्या सकाळी साडेआठला कळेल."

वेल्ह्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी तारेच्या कुंपणात सरकारी पर्जन्यमापक होता. रोज साडेआठला त्यातलं पाणी मोजायचं आणि आकडा कचेरीत द्यायचा, ही अण्णांची नोकरी. मी तिथे कारकून. आकडे तक्त्यात चढवून पुण्याला पाठवायचो.

बहात्तरच्या दुष्काळात डोंगराला ढग अडत, मापात पाणी पडे. पूर्वेकडचं खालचं गाव ठणठणीत कोरडं. पण वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही गावांना माप एकच, त्यामुळे कागदावर तिथेही पाऊस पडत होता आणि दुष्काळी काम मिळत नव्हतं.

त्या गावच्या यमुनाकाकू आल्या. "आण्णा, जरा कमी लिवा की. घरात दाणा न्हाई."

"काकू, पाणी जेवढं, आकडा तेवढाच."

"मग माप आमच्यात आणून ठिवा!"

हे ऐकून वरच्या गावचे सरपंच उसळले, "माप आमचं हाय. हलवून तर दावा!"

आमच्या कचेरीच्या साहेबांनी बैठक बोलावली. कुणी कुठे बसायचं यात तास गेला, चहा आधी कुणाला यात दुसरा. अखेर एकमताने ठराव झाला : पावसाने दोन्ही गावांत सारखे पडावे. साहेब म्हणाले, "संबंधितांना कळवा." अण्णा म्हणाले, "कळवतो. पत्ता द्या."

दुसऱ्या दिवसापासून आकड्यापुढे अण्णांचा शेरा येऊ लागला : 'हा पाऊस फक्त कुंपणातला. बाहेरचा मोजलेला नाही.'

"अण्णा, नोकरी जाईल," मी म्हटलं.

"यात खोटं काय, ते दाखव."

पुण्याहून विचारणा आली : कुंपणाबाहेरचा पाऊस का मोजला नाही, याचा खुलासा करावा. अण्णांनी कळवलं, 'माप एकच दिले आहे.'

मग खालच्या गावाला दुसरं माप आलं, आणि शिक्षा म्हणून अण्णांची बदलीही तिथेच. हुकूम असा, की सलग पंधरा दिवस शून्य आलं तर काम मंजूर. रोज साडेआठला अख्खं गाव मापाभोवती जमे. शून्य लिहिलं की टाळ्या.

पंधराव्या सकाळी पंचनाम्याला मी हजर होतो. नेमका तेव्हाच एक काळा ढग वर आला. पाण्यासाठी कासावीस झालेलं गाव हात जोडून उभं राहिलं. यमुनाकाकू आभाळाकडे बघून ओरडल्या, "आज नगं रं बाबा! उद्या ये!"

ढग निघून गेला. लोकांनी गुलाल उधळला, काकूंनी अण्णांना आंब्याच्या पानांचा हार घातला. अण्णांनी शून्य लिहून वही माझ्याकडे दिली आणि हळूच म्हणाले, "सही कर. आयुष्यात हा एकच आकडा खोटा निघायला हवा होता."