जुन्या विंडोजमधले पाळणे
कम्प्युटरमध्ये जागा उरली नाही म्हणून परवा मोठ्या फाइली शोधत होतो, तर बारा जीबीची एक फाइल ‘आजी’ या नावाने सापडली. आई सरकारी कचेरीत टायपिस्ट होती. निवृत्तीनंतर ती बारशांसाठी स्वतः रचलेले पाळणे टाइप करायची, पण तिच्या सवयीचं मराठी टायपिंग फक्त जुन्या विंडोजवर चालायचं. नवा कम्प्युटर घेतला तेव्हा माझ्या मुलीने त्यातच, पडद्यावरच्या एका चौकटीत, ते जुनं विंडोज चालू करून दिलं आणि त्या सगळ्याची फाइल ‘आजी’ नावाने ठेवली. “आजी, मधला एक प्रोग्राम मेमरी वाटून देतो. आठातली दोन जीबी याला. याला वाटतं, सगळं मशीन आपलंच आहे.” “अच्छा! किरायेदार आहे आन् मालक समजून राहिला!” आई हसली. तो सगळा उन्हाळा कूलरच्या ओल्या वाळ्याच्या वासात तिची बोटं चालत राहिली. मग एक दिवस ते विंडोज अडकलं. मुलीने ते पहिल्या दिवशी जपून ठेवलेल्या स्थितीवर परत नेलं. लगेच सुरू झालं, पण त्यानंतर टाइप केलेले सगळे पाळणे गेले. मुलगी रडायला लागली. “काहून रडून राहिली, बेटा? त्याच्या हिशोबानं मी अजून आलीच नाही,” आई म्हणाली, “आन् मला पाठ आहेत ना.” ती पुन्हा टाइप करायला बसली नाही, आणि आम्हीही आग्रह केला नाही. आता आई नाही. परवा, नोकरीत असताना ती राहायची त्या खमरियाच्या सरकारी क्वार्टरमधल्या तिच्या मैत्रिणींना फोन करून विचारलं. सगळ्यांना मिळून दोन पाळणे आठवले, तेही अर्धेच.