साडूंचा गुलाबी शार्क

आमच्या साडूंइतका समुद्राचा जाणकार अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा नाही, आणि समुद्र त्यांनी अजून पाहिलेला नाही. तीर्थपुरीच्या शाळेत ते विज्ञान शिकवतात. धड्यात प्रकाशसंश्लेषण असो की पचनसंस्था, तास संपतो तो गॉब्लिन शार्कवरच. खोल, काळोख्या पाण्यातला हा दुर्मीळ मासा. सुऱ्यासारखं लांब चपटं नाक, लिबलिबीत अंग, बारके डोळे, आणि शिकार जवळ आली की अख्खा जबडाच पुढं फेकायची खोड. माझ्या मुलीच्या साखरपुड्याच्या पंगतीत व्याह्यांना हा जबडा समजावताना साडूंनी स्वतःचा पुढं काढला आणि कवळी थेट वरणात पडली. व्याही घास हातात धरून बसले. साडूंनी ती धुतली, बसवली आणि म्हणाले, "त्याचा आपोआप जागेवर जातो बघा." सोयरीक टिकली, हे पोरीचं नशीब.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांनी बारा फुटी शार्क केला. आत कामट्या, वर मांडवाचं गुलाबी कापड, जबड्याला सायकलची ट्यूब. इतक्या वर्षांत त्यांना उत्तेजनार्थ बक्षीससुद्धा मिळालं नव्हतं, आणि या वेळी ते हवंच होतं. जीपच्या टपावर बांधून धूड जालन्याला निघालं, तेव्हा वाटेत एका म्हातारीनं हात जोडले. खोटं कशाला बोलू, मी तमाशा बघायलाच सोबत गेलो होतो.

परीक्षक जबड्यावर खूश झाले. मग मोबाइलवर एक करडा शार्क दाखवत म्हणाले, "गुरुजी, रंग तेवढा चुकला. करड्या रंगाचे दोन हात मारा, पहिला नंबर तुमचाच."

"साहेब, तो मेलेला हाये. जित्ता असतो तवा कातडीतून रक्त दिसतं, म्हणून गुलाबी."

"मारा की दोन हात!" मी कोपरानं ढोसलं. त्यांनी मान हलवली ती हलवलीच. बक्षीस दरवर्षीसारखं ठिबक सिंचनाला गेलं.

परत निघताना माझी सटकली. "शेवटची संधी होती. काय बिघडलं असतं?"

टपावर दोरी आवळत ते म्हणाले, "पाव्हणं, आमच्या पोरांनी समुद्र न्हाई पाह्यला. माझ्याकडूनच पाहून राह्यलेत. मंग त्यांना मेलेला दाखवू काय?"

मला परीक्षकाचा नाही, माझाच राग आला. मी दोरीचं दुसरं टोक धरलं आणि शार्कच्या गुलाबी पोटाला दोरी काचणार नाही अशी गाठ मारली.