माळ्यावर माणसं शून्य

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. नवऱ्यापुढेही नाही. तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं — तुम्ही सुमनमावशीला ओळखत नाही.

आधी कामाचं सांगते. मी सुरतेत इमारतींची मॉडेलं करते. एखाद्या इमारतीला ‘हरित’ असल्याचं प्रमाणपत्र हवं असलं की ती कॉम्प्युटरवर उभी करायची — भिंती, पत्रे, दिवे, आत बसणारी माणसं, सगळं — आणि ती वर्षाला किती वीज खाईल ते काढायचं. एसी नसलेलं गोदाम म्हणजे तर डाव्या हाताचा मळ. वीज खाणारं आत असतं काय? दिवे आणि चार पंखे.

पण एसी नसला तरी आत किती तापतं, हे मॉडेल तासातासाला सांगतं. आपण बघितलं तर.

माझ्या एकटीच्या नावावर आलेलं पहिलं काम साड्यांच्या गोदामाचं होतं. खाली गठ्ठे, वर पत्र्याला टेकलेला माळा. नकाशात माळ्यावर लिहिलेलं — ‘माल साठवण’. मी पाहणीला गेले, शिडी चढले, तर वर तीसेक बायका साड्यांचे धागे कापत, घड्या घालत बसलेल्या. त्यांतली एक सुमनमावशी.

सख्खी मावशी नव्हे ती. इथल्या नवागाम वस्तीत आमच्या शेजारची, आईसारखीच धुळ्याकडची. आई लूमवर, कापडाच्या मागावर, जायची तेव्हा माझी वेणी हिने घातली, शाळेतून आल्यावर भाकरी हिने वाढली. मला बघून तिला कोण आनंद! साऱ्यांना ओरडून सांगितलं, आमची पोरगी इंजिनेर. मग माझ्या हातातलं तापमान मोजायचं मशीन बघून म्हणाली, “आठे इतलं गरम काबर व्हस, ते बी मोज ना व माय.”

इथे इतकं गरम का होतं, ते मी मोजलं. ऑफिसात येऊन मॉडेलमध्ये माळ्यावर तीस माणसं बसवली, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. मे महिन्याच्या दुपारी तापमानाची रेघ वर गेली ती खाली यायला तयार नाही. पत्र्याखाली उष्णता अडवणारा थर हवा होता, हवा ओढणारे मोठे पंखे हवे होते. माणसं दाखवली की प्रमाणपत्रासाठी हे सगळं मालकाला करावंच लागलं असतं. आणि नाही दाखवली तर?

माळ्यावर काय भरू, असं ऑफिसातल्या साहेबांना विचारलं. ते फोनवर होते. म्हणाले, “नकाशात जे लखेलुं छे, तेच भर.”

बस्स, एवढंच. धमकी नाही, लालूच नाही. मी माळ्यावरच्या माणसांच्या रकान्यात शून्य लिहिलं — आणि तीस माणसांची फाइल पुसून टाकली. पुसायची गरज नव्हती. कोणी मागितली नसती. मला ती परत दिसायला नको होती. साहेबांकडे दुसऱ्यांदा जाऊन ‘वर बायका बसतात’ एवढं बोलायला काय लागलं असतं? मी भित्री निघाले. पहिलंच काम, ते अडू नये असं वाटलं.

प्रमाणपत्र आलं. फाटकावर हिरवी पाटी लागली, मला शाबासकी मिळाली.

पुढच्या मे महिन्यात, दुपारी, मावशीला माळ्यावर भोवळ आली. पाणी प्यायला म्हणून शिडीवरून उतरत होती, ती तिथूनच पडली. खुब्याचं हाड मोडलं. आता काठी घेऊन मोरीपर्यंत जाते, तेवढंच. काम सुटलं. डॉक्टर म्हणाले उन्हाळा, सगळे म्हणाले वय. मीही मान हलवली.

परवा तिच्याकडे गेले होते. शेजारीण बसली होती. मावशीने माझा हात धरून तिला कौतुकाने सांगितलं, “ते हिरवी पाटीनं गोडाऊन शे ना, ते आमनी पोरनी मोजेल शे.”

मी हात सोडवून घेतला नाही. चहा प्यायले आणि घरी आले.