अभिनंदनाचा फ्लेक्स आधी लागला

दिवाळे गावात कुणाचं काही चांगलं झालं की आधी फ्लेक्स लागतो आणि मग पेढे वाटले जातात. रूपेशकाकाचा फ्लेक्स मात्र बातमीच्याही आधी लागतो.

रूपेशकाका म्हणजे मनस्वीचा सख्खा काका आणि गावच्या क्रिकेट टीमचा कप्तान. वय चाळिशीला टेकलंय, पोट क्रीजच्या बाहेर आलंय, पण टॉसला अजून तोच जातो. जानेवारीत टुर्नामेंटचा फ्लेक्स छापायला तो बेलापूरला गेला आणि येताना पुतणीचाही छापून घेऊन आला. दुपारी तो गावाच्या कमानीवर चढलासुद्धा. 'आमची लाडकी कन्या कु. मनस्वी शिवा कोळी हिची जहाजबांधणी इंजिनियरिंगसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' वर मनस्वीचा फोटो होता, कुणाच्या तरी हळदीतला, खांद्यावर भलत्याच बाईचा हात राहून गेलेला. खाली 'शुभेच्छुक' म्हणून अख्खी टीम गॉगल लावून उभी.

निकाल संध्याकाळी लागायचा होता.

मनस्वीने मेल उघडला तेव्हा आई चहा गाळत होती आणि काका दारात पेढ्यांचा बॉक्स धरून उभा होता. मेलमध्ये निवड नव्हती आणि नकारही नव्हता. 'आपल्या अर्जावरील निर्णय पुढील फेरीपर्यंत राखून ठेवत आहोत. आपले प्रवेश परीक्षेचे गुण अपेक्षेपेक्षा कमी आहेत.'

"म्हंजे झालं का नाय झालं?" काकाने विचारलं.

"लटकलंय," मनस्वी म्हणाली.

काकाने बॉक्सकडे पाहिलं, मग कमानीच्या दिशेने. "उतरवू काय?"

"आता अख्ख्या गावाने वाचलाय. उतरवलास तर अजून वाचतील."

बाजारात तुरी अशी तिची गत झाली. दुसऱ्या दिवसापासून ती कमानीखालून जायचं टाळून जेट्टीकडच्या गल्लीने वळसा घालून बाहेर पडायला लागली. तरी लोक गाठायचेच. "पेढे कुठेत गो?" "आता बोटीवर तूच कप्तान काय?" चेष्टा करणारे परवडले. मनापासून अभिनंदन करणाऱ्यांपुढे तिला मान वर करता यायची नाही.

बारावी होऊन तिला वर्ष झालं होतं. पहिल्या वर्षी परीक्षेत गुण कमी पडले, म्हणून तिने गॅप घेतली. सकाळी आईबरोबर बेलापूरच्या मार्केटात मासळीच्या पाटीशी बसायचं आणि दुपारी सीवूड्सला क्लासला जायचं, असं वर्ष काढून पुन्हा परीक्षा दिली. गुण वाढले, पण भरतीची खूण पायरीवर बोटभर वर सरकावी एवढेच. तिला जायचं होतं ते पुण्याजवळच्या एकाच कॉलेजात, कारण होड्या आणि जहाजं कशी तरतात हे तिथे शिकवत होते.

क्लासचे पाटणकर सर सरळ माणूस. त्यांनी फळ्यावर आकृती काढून समजावलं. "हे बघ, दुसऱ्या फेरीत तुझे हेच गुण जातील, ते बदलता येत नाहीत. फक्त स्वतः केलेलं एखादं काम जोडता येतं. आणि तिथे नकार आला, की यंदाचं दार बंद. तिसऱ्या फेरीत उरलेल्या जागा असतात, थोड्याच असतात, पण पुन्हा परीक्षा देऊन नवे गुण जोडता येतात. तू तिसरीसाठी थांब. तीन महिने घासून अभ्यास करू."

सरांचं गणित बरोबर होतं. तेच तिला खटकत होतं. परीक्षेच्या हॉलमध्ये स्क्रीनच्या कोपऱ्यात सेकंद पळायला लागले की तिचं डोकं ओहोटीच्या चिखलात रुतलेल्या होडीसारखं जागच्या जागी बसायचं. घरी तीच गणितं ती भाजी निवडता निवडता सोडवायची.

दुसऱ्या दिवशी मार्केटात गिऱ्हाईक पांगल्यावर तिने आईला विचारलं. सुचिता बोंबलाच्या पाटीवर पाणी मारत होती.

"आई, दुसरी का तिसरी?"

"मला त्यातलं काय कळतंय?"

"तरी पन."

"पुन्हा परीक्षेला बसलीस तर गुण वाढतील असं कोनाला वाटतं? सरांना का तुला?"

मनस्वीने थोडा विचार केला. "सरांना."

"मग सरांना बसव परीक्षेला." आईने पाटी पुढे सरकवली. "तुला जे येतं ते दाखवायचं सोडून जे येत नाय तेच किती वेळा दाखवशील?"

मनस्वी हसली. पण दाखवण्यासारखं तिच्याकडे होतं काय?

होतं, जेट्टीला बांधलेलं. पप्पांची होडी, 'एकवीरा प्रसाद'. दिवाळीनंतर शिवाने तिच्यावर फायबरची मोठी बर्फपेटी बसवली होती, मागच्या बाजूला, फळीच्या वर. मासळी टिकायला लागली, भावही बरा मिळाला. पण होडी तेव्हापासून वळताना एका अंगाला रेलायची आणि सरळ व्हायला वेळ घ्यायची. शिवाने लिंबू-मिरची बांधली, नारळ वाढवला. तरी खाडीच्या तोंडाशी वळण घेताना त्याचे हात सुकाणूवर घट्ट व्हायचे.

"पप्पा, पेटी उंच बसलीय म्हणून होतंय हे," मनस्वी मागे एकदा म्हणाली होती.

"पेटी खाली घेतली तर जाळी कुठं ठेवू? तुझ्या डोक्यावर?" विषय तिथेच संपला होता.

आता तिने तो पुन्हा काढला. "वाटतंय म्हणून नाय सांगत. मोजून दाखवते. होळीला सगळ्या होड्या किनाऱ्याला लागतात, तेव्हा एक दिवस मला होडी दे. खरं निघालं तर पेटी हलवायची, नाय निघालं तर मी पुन्हा बोलणार नाय."

शिवाने बिडी विझवली. "आनि त्या कालेजचं?"

"दुसऱ्या फेरीत जाणार. हेच काम जोडून."

"नाय म्हनले तर?"

"तर नाय."

शिवाने विझलेली बिडी कानामागे खोचली. मग म्हणाला, "होडी घे."

प्रयोग साधा होता. होडीवर ठरावीक वजन मधून एका कडेला न्यायचं आणि होडी किती कलते ते ओळंब्याच्या दोरीवरून मोजायचं. फार कलली, तर तिचं वजन वर चढलंय. कमी कलली, तर ती भरवशाची. अडचण एकच होती. वजन आणायचं कुठून? पोत्यांत रेती भरायची तर दिवस जाणार आणि ती इकडून तिकडे उचलणार कोण?

मनस्वीची नजर कमानीवर गेली. गॉगल लावलेले अकरा शुभेच्छुक तिच्याकडे बघून हसत होते.

"काका, तुझी टीम लागेल मला."

"फिल्डिंगला?"

"वजनाला."

होळीच्या आदल्या दिवशी दिवाळ्याच्या जेट्टीवर जे घडलं ते गाव अजून सांगतं. जिथे मासळीच्या पाट्या तोलतात त्या काट्यावर क्रिकेट टीम एकेक करून चढली. मनस्वी प्रत्येकाच्या शर्टावर खडूने वजन लिहीत होती. कोळणी मासळी सोडून जमल्या.

"हा केतन काय भावाने दिला?"

"साफ करून देनार का तसाच?"

"डोकं काढा याचं, नायतरी वापरात नाय!"

केतनने, मनस्वीच्या चुलतभावाने, काट्यावर श्वास रोखून धरला होता. "असं केल्याने वजन कमी होत नाय," मनस्वी म्हणाली, तेव्हा सगळी जेट्टी हसत सुटली. सर्वात जड निघाला रूपेशकाका. "अनुभवाचं वजन हाय ते," तो म्हणाला.

भरती थांबून पाणी आरशासारखं उभं राहिलं, तेव्हा मनस्वीने दोर सैल करायला लावले. टीम होडीच्या मधोमध एका ओळीत उभी राहिली. "हलू नका. हात खाली. काका, पोट आत घेऊन उपयोग नाय." मग तिने नाव घेतलं की एकेकजण डाव्या कडेला जायचा. होडी कलायची, ओळंबा सरकायचा, ती पट्टीवर खूण करायची. मग उजवीकडे. मधेच केतनचा फोन वाजला आणि तो वळून फोनवर बोलायला लागला. ओळंबा वेडावाकडा झुलला.

"केतन!"

"आईचा होता गो!"

ते रीडिंग तिने खोडलं नाही. बाजूला लिहिलं, 'या वेळी एक वजन फोनवर बोलत होतं.'

मग सगळ्यांनी मिळून बर्फपेटी खाली, होडीच्या पोटात उतरवली आणि तोच खेळ पुन्हा मांडला. यावेळी मात्र तीच माणसं त्याच कडेला गेली तरी ओळंबा जेमतेम निम्मा सरकला. शिवा जेट्टीवरून बघत होता. पट्टीवरच्या दोन खुणा त्याला समजावून सांगाव्या लागल्या नाहीत. तो एकदम होडीत उतरला, कडेवर पाय ठेवून नेहमीसारखा भार दिला, आणि होडी मुकाट सरळ झाली.

"जाळी कुठं ठेवशील?" मनस्वीने विचारलं.

"तुझ्या डोक्यावर," शिवा म्हणाला, आणि पेटीची जागा पक्की करायला सुताराला हाक मारली.

होळीच्या दिवशी रंगवलेल्या, पताका लावलेल्या होड्या खाडीत निघाल्या. 'एकवीरा प्रसाद' वळणावर डोलली नाही. शिवाने सुकाणू एका हाताने धरलं होतं, दुसरा हात गाण्यावर ताल धरत होता.

अर्ज गेला. मुलाखत व्हिडिओवर झाली. तिघं प्राध्यापक होते. त्यातल्या एका बाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, "परीक्षेत दोनदा गुण कमी. का?"

मनस्वीने घरात या प्रश्नाची तीन उत्तरं पाठ केली होती. त्यातलं एकही तिने दिलं नाही. "मॅडम, घड्याळ पळायला लागलं की मी गडबडते. त्याचा सराव करतेय. पण होडीवर मला घाई नव्हती. भरती तिच्या वेळेने येते, तोवर मी सगळं तीनदा तपासलं होतं."

बाईंनी कागद चाळले. "हे वजन फोनवर बोलत होतं, म्हणजे?"

"माझा चुलतभाऊ."

तिघंही हसले. मग बाईंनी विचारलं, "हे रीडिंग काढून टाकलं असतं तर आलेख छान दिसला असता. का ठेवलं?"

"ते झालं होतं ना, मॅडम. झालेलं कसं काढणार?"

पुढे बराच वेळ त्यांनी तिला होड्यांबद्दलच विचारलं. परीक्षेचं नाव पुन्हा निघालं नाही.

निकाल आला तेव्हा ती मार्केटात होती. मेल दोनदा वाचला, मग आईसमोर धरला. सुचिताने ओले हात पदराला पुसले, फोन हातात घेतला नाही, फक्त पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. "झालं?"

"झालं!"

"ए बायांनो!" सुचिताची आरोळी मार्केटाच्या पत्र्याला लागली. "माझी पोर जहाजं बांधनार!" आणि त्या दिवशीचे शेवटचे बोंबील तिने पहिल्या दिसलेल्या गिऱ्हाइकाला फुकट देऊन टाकले.

मनस्वीने पाटणकर सरांना फोन केला. सर म्हणाले, "मी तिसरी सांगितली होती ना तुला? बरं झालं ऐकलं नाहीस. आता शनिवारी क्लासमध्ये ये आणि पोरांना तो ओळंबा दाखव."

घरी जाताना तिने जेट्टीची गल्ली सोडली आणि सरळ कमानीखालून गेली. फ्लेक्स उन्हाने फिकट झाला होता, एक कोपरा सुटून फडफडत होता. खाली शिडी लावून रूपेशकाका उभाच होता.

"बघितलंस? मी जानेवारीतच सांगितलेलं!" तो ओरडला. "आता नवा छापतो. डबल साइज. मजकूर सांग."

"मजकूर तोच ठेव. फोटो तेवढा बदल, माझ्या खांद्यावरचा तो हात काढ. आणि खाली शुभेच्छुक आहेत ना, प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं वजन लिही."

केतन धावत आला. "माझं दोन किलो कमी लिही ना, प्लीज."

"रीडिंग बदलत नाय," मनस्वी म्हणाली आणि शिडीचं एक टोक धरायला पुढे झाली.