झारेकाकूंनी इटली जिंकली त्याची हकीकत

भिवंडी शहर आणि आसपासच्या समस्त नागरिकांना गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर, दोन बर्नरच्या शेगडीवर, इटली देशाचा पूर्ण पराभव झालेला आहे. ही बातमी कुठल्याच पेपरात आली नाही, म्हणून मी देतो.

विजयी सेनापती झारेकाकू. खरं आडनाव वेगळं. पण दार उघडताना, फोन घेताना, सिलिंडरवाल्याशी भांडताना हातात झारा असायचाच, त्यामुळे ते आडनाव टपालापुरतं उरलं. शाळेतली कारकुनी संपल्यावर त्यांनी तळणीला वाहून घेतलं. कुणी काही तळून आणलं की एका घासात आत काय काय आहे ते सांगायच्या आणि चार दिवसांनी त्याहून सरस करून डबा परत पाठवायच्या. "तळणीत मी कुणाकडून हरले नाही," हे त्या आपला रक्तगट सांगावा तितक्या सहज सांगत.

त्यांचे यजमान आण्णा भजनी मंडळाचे अध्यक्ष. निर्व्यसनी. फक्त खोकला जुना. औषधाची बाटली माळ्यावरच्या ट्रंकेत असे आणि ती आण्णाच काढत. "तीस वर्षं खोकताहेत, पण भजनात एकदाही खोकले नाहीत," एवढंच काकू म्हणत.

गेल्या दिवाळीनंतर दोघं नाशिकला लेकीकडे राहायला गेले. जिन्यात आता तुपाचा वास येत नाही, म्हणून हे लिहून ठेवतोय.

मी लूमच्या कारखान्यात सुपरवायझर. नवी मशिनं बसवायला व्हेनिसजवळच्या एका गावातून मार्को नावाचा मेकॅनिक आला होता. हिंदी तो आमच्या कामगारांकडून शिकला. त्या दिवाळीआधीच्या फेब्रुवारीत त्याचं जेवणच तुटलं. गावाकडे कार्निवल चाललेला आणि हा इथे नट आवळत बसलेला. मी त्याला थेट काकूंकडे नेलं.

कार्निवल म्हणजे काय ते मी काकूंना सांगितलं. पुढे चाळीस दिवसांचा उपास, म्हणून आधी भरपूर खायचं, मुखवटे लावून गावभर नाचायचं.

"म्हणजे गटारी आणि शिमगा एकदम उरकतात. हुशार आहेत," काकू म्हणाल्या.

त्या दिवसांत तिकडे घरोघरी पिठाच्या पातळ पट्ट्या तळून वर पिठीसाखर भुरभुरतात. पदार्थ एकच, पण मिलानमध्ये त्याला त्यांच्या भाषेत गप्पा म्हणतात, कुठे थापा, तर फ्लॉरेन्सकडे चक्क चिंध्या.

"गप्पा, थापा आणि चिंध्या. ही तर आपलीच बिल्डिंग झाली," असं म्हणत काकूंनी शंकरपाळ्यांचा डबा पुढे केला.

मार्कोने एक शंकरपाळी खाल्ली. दुसरी हातात घेतली, खिशातून मशिनचं गेज काढलं आणि तिची जाडी मोजली.

"आंटी, मोटा."

"माझी शंकरपाळी मोजली मेल्याने," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "विचार त्याला, त्याची आई काय घालते."

मी विचारून सांगितलं, "अंडं. आणि द्राक्षाची दारू, काकू. तिच्यामुळे फोड येतात."

"अंडं या घरात येणार नाही." मग त्यांनी माळ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "उद्या चार वाजता या दोघं."

दुसऱ्या दिवशी पोळपाटावर पारी अशी लाटलेली होती की खालच्या लाकडाच्या रेघा दिसत होत्या. कातण्याने पट्ट्या कापल्या, तुपात सोडल्या आणि प्रत्येकीवर टपाटप फोड आले. मार्कोने आधी गेज लावलं. मान डोलावली. मग खाल्ली, डोळे मिटले आणि ताट अर्धं केलं. मिशीला पिठीसाखर तशीच ठेवून त्याने आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोनजवळ एक पट्टी मोडली. कुर्रर्र. म्हातारीने पलीकडून काहीतरी विचारलं, उत्तर ऐकलं आणि दोन्ही हात जोडले.

"मम्मा बोलती, सेम टू सेम."

काकूंनी झारा पदराला पुसला. तलवार पुसतात तसा. "अंड्याच्या जागी आंबट दही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या जागी काय, ते विचारू नका."

एवढ्यात आण्णा आले, मागे टाळ घेतलेले मंडळाचे चार सभासद. आण्णांनी ताटातली पट्टी उचलली, तोंडात टाकली, दोनदा चावली आणि थांबले.

"अगं, माझी ब्रँडी तुला सापडली कधी?"