भोपळेमास्तर पुन्हा येऊन राह्यले

जुने मित्र भेटले की किस्से आठवावे लागत नाहीत, एकाची शेपटी धरून दुसरा येतो. आमचं तर यंदा असं झालं की फोन उचलला की किस्सा. कोणाची तब्येत विचारायला फोन करावा, तर तब्येत राहून जाते आणि अर्धा तास हसण्यातच जातो. आणि या सगळ्याच्या मुळाशी एकच गृहस्थ, भोपळेमास्तर!

भोपळेमास्तर म्हणजे टीव्हीवरचा एक बाहुला. वाळलेल्या भोपळ्याचं डोकं, त्यावर जाड काळा चष्मा, काखेत छत्री. आमच्या लहानपणी दर रविवारी सकाळी त्यांची शाळा भरायची. सुरुवातीला ते हमखास म्हणायचे, "बसा, बसा. उभं राहून कुणाला काही कळलंय का?" आम्ही बसलेलेच असायचो, तरी पुन्हा नीट बसायचो.

यंदा त्या कार्यक्रमाला पंचवीस वर्षं झाली म्हणून चॅनलवाल्यांनी खास भाग जाहीर केला. आणि आम्ही पस्तिशी ओलांडलेली, पोराबाळांची माणसं एकदम कामाला लागलो.

आम्ही म्हणजे नागभीडजवळच्या एका खेड्यातली चौघं. प्रमोद चंद्रपूरला इंजिनियर आहे, मनीषा गडचिरोलीला नर्स, बबन गावातच तलावात मासे मारतो आणि मी गडचांदूरला शाळेत शिकवते. ग्रुपचं नाव 'मास्तरची पोरं'. एरवी त्यावर फक्त वाढदिवसाचे केक येतात.

* * *

पहिली ठिणगी पडली ती जाहिरातीवरून. नव्या भागाच्या जाहिरातीत मास्तरांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता!

प्रमोद खवळला. एवढा मोठा इंजिनियर, पण त्या दिवशी त्याने मीटिंगमध्ये बसून इतका लांब मेसेज लिहिला की वाचताना माझा अंगठा दुखला. चष्मा हा मास्तरांचा आत्मा होता, आपलं बालपण यांनी पुसून टाकलं, यांना कोणी अधिकार दिला, वगैरे वगैरे. मनीषाने रडका चेहरा टाकला. मीही दोन टाकले.

बबन तेव्हा तलावात होता. दुपारी डोंगा काठाला लावून त्याने फोन पाहिला आणि एवढंच लिहिलं, "डोळ्याचं ऑपरेशन केलं असन बे. वय झालं ना मास्तरचं."

प्रमोद दोन दिवस ग्रुपवर बोलला नाही.

* * *

मला वाटलं, आपल्या वर्गातल्या पोरांना हे दाखवलं पाहिजे. जुन्या भागाचा एक तुकडा सापडला होता. शाळेच्या टीव्हीवर लावला. पोरं इतकी शांत बसली की माझं मन भरून आलं. चांगली गोष्ट कधी जुनी होत नाही, असं मनात म्हणतही होते.

संपल्यावर एका मुलीने हात वर केला. हा तुम्हाला शिकवत होता काय, असं तिने विचारलं. मी मोठ्या अभिमानाने म्हटलं, एका अर्थाने हो.

ती बिचारी फार हळहळली. म्हणाली, "मॅडम, तवा तुमच्या गावात माणूस मास्तर भेटत नोहोते काय?"

* * *

आता गावातल्या टीव्हीबद्दल सांगायला हवं. तो होता आमच्या वस्तीतल्या विहारात, एका लोखंडी कपाटात. कपाटाची चावी शेवंताबाईंच्या कमरेला. शेवंताबाई म्हणजे वस्तीतल्या सगळ्यांत कडक बाई. त्यांचा नियम एकच होता, आधी वंदना, त्रिशरण, पंचशील, आणि मग टीव्ही. कोणी घाईघाईत म्हटलं की त्या नुसत्या म्हणायच्या, "पुन्हा." मग सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. मास्तरांची शाळा सुरू व्हायची वेळ झालेली असायची आणि आमचा जीव वरखाली.

बबन ढिवराच्या घरचा. त्यांच्याकडे हे काही नव्हतं. पण टीव्ही पाहायचा तर दुसरा मार्ग नव्हता, म्हणून त्याने पंचशील पाठ केलं, आणि ते आमच्यापेक्षा चांगलं! घरी जाळं विणता विणताही पुटपुटायचा. त्याच्या आईला वाटलं, पोराला कोणी मंत्र दिला. तिने अर्थ विचारला, तो याला येईना. म्हणून पुढच्या रविवारी त्याने शेवंताबाईंना विचारलं. त्यांनी पहिल्या शीलाचा अर्थ सांगितला, जिवाची हत्या करायची नाही.

बबनचा चेहरा उतरला. त्याच सकाळी त्याने बापाबरोबर टोपलीभर मासे काढले होते. "मंग बाई, मासोळीचं कसं?"

शेवंताबाईंनी थोडा विचार केला. कपाट उघडलं आणि म्हणाल्या, "तू सध्या टीव्ही पाह्य."

त्या बाईचे आमच्यावर फार उपकार आहेत. मी आज वर्गात जे काही न अडखळता म्हणू शकते, ते त्यांच्या "पुन्हा"मुळे.

* * *

आणि सुखदेवभाऊंचे उपकार तर सांगून संपायचे नाहीत. सुखदेवभाऊ म्हणजे मनीषाचे वडील.

आमचं गाव तलावाकाठी. विहाराच्या मागे लांब बांबूला अँटिना बांधला होता आणि तलावावरून वारा आला की तो बांबू फिरायचा. बांबू फिरला की टीव्हीवर मुंग्या. दगड लावून पाहिले, तारेने आवळून पाहिला, काही उपयोग झाला नाही. शेवटी कळलं की माणसाने हाताने धरला तरच चित्र टिकतं. कोणाच्याही हाताने नाही, सुखदेवभाऊंच्या! का ते प्रमोदला आज इंजिनियर होऊनही सांगता येत नाही.

मग दर रविवारी ते भिंतीपलीकडे बांबू धरून उभे राहायचे. ते बाहेरून विचारायचे, "आला का?" आम्ही आतून ओरडायचो, "नाई आला!" ते थोडं फिरवायचे. "आला का?" "आला, आला! सोडू नका!" आणि ते सोडायचे नाहीत. ऊन असो, थंडी असो, मास्तरांची शाळा सुटेपर्यंत.

आत मास्तर सांगायचे, बसा, बसा. बाहेर सुखदेवभाऊ उभे. त्यांनी तो कार्यक्रम कधी पाहिला नाही. एकही भाग नाही. सगळा भिंतीतून ऐकला.

म्हणून खास भागाची तारीख कळल्यावर मनीषाने ग्रुपवर लिहिलं की बाकी तुम्ही चष्म्यावरून भांडा, मला एकच हवं आहे. या वेळी माझा बाप समोर खुर्चीवर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहील. यावर कोणी काही गंमत केली नाही. प्रमोदनेही भांडण मिटवलं. सगळ्यांनी गावी जायचं आणि विहारातच बसून पाहायचं, असं ठरलं.

* * *

पण अडचण अशी की सुखदेवभाऊंना नीट दिसतच नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मनीषा स्वतः नर्स, तिने किती वर्षं मागे लागावं! त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "धानाची बांधी दिसते, बैल दिसते. आनखी काय पाहाचं हाय?"

या वेळी तिने फक्त सांगितलं, "बाबा, भोपळेमास्तर पुन्हा येऊन राह्यले." म्हातारा दुसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून तयार!

दवाखान्यात डॉक्टरांनी सहज विचारलं की इतकी वर्षं थांबलात, आताच काय घाई आहे? सुखदेवभाऊ म्हणाले, "मास्तरले पाहाचं हाय. एकडाव. पुन्हा भेटतीन का नाई, माईत नाई."

डॉक्टर तरुण होते, एकदम गंभीर झाले. आजच्या काळात गुरूसाठी एवढं कोण करतं, असं नर्सना म्हणाले आणि पुढच्या आठवड्यातला नंबर त्यांनी अलीकडे आणला. मनीषा दाराशी उभी होती. ती सांगते, मास्तर भोपळ्याचे आहेत हे बोलायला माझं तोंड उघडलंच नाही.

दोन्ही डोळे वेळेत झाले. सुट्टी देताना डॉक्टर पाया पडले आणि म्हणाले, तुमच्या सरांना माझाही नमस्कार सांगा.

* * *

घरी आल्यावर सुखदेवभाऊंनी मनीषाला विचारलं, "मास्तर अजून रिटायर नाई झाले काय?"

तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिने घाबरून आम्हाला फोन केले. गैरसमज एकट्या डॉक्टरांचा नव्हता! सुखदेवभाऊ खरंच मास्तरांना माणूस समजत होते. इतकी वर्षं. भिंतीतून आवाज यायचा, पोरांना प्रेमाने शिकवायचा, आणि आडनाव भोपळे. त्यात नवल काय!

आता काय करायचं? प्रमोद म्हणाला, आधीच सांगून टाकू. मी म्हटलं, नको, त्यांच्या मनातला मास्तर कशाला मोडायचा? मनीषाला वेगळीच धास्ती. उन्हातान्हात उभं राहून आपण एका भोपळ्यासाठी बांबू धरत होतो, हे बाबांना समोर बसून कळलं तर त्यांना काय वाटेल? डोळे तर आपणच दुरुस्त करून आणले.

बबनला विचारलं. तो म्हणाला, "तुमी शिकलेले लोकं. तुमीच सांगा त्याईले." त्यामुळे कोणीच सांगितलं नाही.

* * *

तो रविवार उजाडला. विहारावर आता स्लॅब आहे, वर डिश, आत भिंतीएवढा टीव्ही. शेवंताबाई पार वाकल्यात, पण चावी कमरेलाच. आम्ही चौघं, आमची पोरं, वस्तीतली माणसं, सगळे बसलो. वंदना झाली. प्रमोदने घड्याळाकडे बघत पंचशील जरा पळवलं. शेवंताबाई म्हणाल्या, "पुन्हा." चंद्रपूरच्या इंजिनियरने पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

पुढे एकुलती एक खुर्ची ठेवली होती. काळा चष्मा लावून सुखदेवभाऊ तिच्यावर बसले. त्यांना बसण्याची सवयच नव्हती, कडेलाच टेकले.

कार्यक्रम सुरू झाला. नवा बाहुला, नवा आवाज, मध्येच नाच. आमची पोरं हसत होती, प्रमोद दात खात होता. मी आणि मनीषा टीव्हीकडे पाहतच नव्हतो, आम्ही पाहत होतो सुखदेवभाऊंकडे.

नाच संपेपर्यंत त्यांनी टक लावून पाहिलं. मग मनीषाकडे वळून म्हणाले, "हा तं भोपळा हाय."

मनीषाने त्यांचा हात धरला आणि कसंबसं म्हणाली, हो बाबा.

सुखदेवभाऊंनी मान हलवली. "तरीच. एवढी वर्षं आयकलं, कधी कोनाले छडी मारल्याचा आवाज नाई आला."

मनीषा रडता रडता हसायला लागली. आणि तेवढ्यात पडद्यावर जुना भाग लागला! तोच जाड चष्मा, तीच छत्री. मास्तरांनी जुन्या आवाजात तोंड उघडलं, आणि सुखदेवभाऊ खुर्चीत पुढे सरकले. या आवाजाची त्यांची ओळख होती.

स्लॅबवर धप्प आवाज झाला. माकडाने डिशवर उडी मारली होती. चित्र गेलं.

सुखदेवभाऊ उठलेसुद्धा! दारापर्यंत पोचले होते. मनीषा आडवी आली, बबनने खांदे धरून त्यांना परत खुर्चीत बसवलं. प्रमोद इस्त्रीच्या पँटमध्ये शिडी चढला. माकड हाकललं, डिश धरली, आणि वरून त्याचा आवाज आला, "आला का?"

चित्र लख्ख आलं होतं. भोपळेमास्तर चष्मा सावरून सांगत होते, बसा, बसा. आम्ही सगळ्यांनी 'आला' म्हणायला तोंड उघडलं, तर सुखदेवभाऊंनी हात वर करून आम्हाला गप्प केलं. पडद्यावरची नजर न हलवता ते खुर्चीत मागे रेलले, पायावर पाय टाकला आणि छताकडे आवाज दिला,

"नाई आला अजून. धरूनच ठेव. सोडू नको."