डेकवरचं जेवण आणि आईची एक चप्पल

गेल्या शनिवारी मी आई-बाबांना घेऊन गोसीखुर्दला गेले होते. त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, त्यात लेक पुण्याहून आलेली... तेव्हा काहीतरी झोकात व्हायलाच हवं होतं. म्हणजे असं लेकीचं मत.

दिवसभर धरण पाहिलं, पवनीची देवळं पाहिली. रात्रीचं जेवण कुठे, यावर गाडीत बराच खल झाला. आईला रस्त्याकडेच्या धाब्यावरचे मासे हवे होते. बाबांचं म्हणणं, घरून आणलेल्या पोळ्या शिल्लक आहेत, त्यांचं काय?

मी मात्र पुण्यातूनच रील्स बघून बघून एक रिसॉर्ट नक्की केलं होतं. बॅकवॉटरवर काढलेला लाकडी डेक, पांढरे टेबलक्लॉथ, दिव्यांच्या माळा, टेबलावर मेणबत्ती... फोटो पाहून आई म्हणाली, "इतकं सजवून बसवतेत, मंग जेवाले कदी देतेत?" मी कसली ऐकतेय.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. बाबांची सगळी नोकरी जवाहरनगरला दारूगोळ्याच्या फॅक्टरीत झाली, आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये वाढलो. बाबा ड्युटीवर निघाले की आई रोज त्यांचे खिसे चाचपून बघायची, चुकून काडेपेटी तर गेली नाही ना म्हणून.

आणि कुठेही मोठा आवाज झाला की कॉलनीतल्या बायका हातातलं काम टाकून फॅक्टरीच्या गेटकडे निघायच्या. आईचा पदर धरून मीही जायचे. दरवेळी निघायचं भलतंच... कुठे ट्रकचा टायर फुटलेला, कुठे विजेचा डीपी उडालेला. तरी बाबा बाहेर येईपर्यंत आई तिथून हलायची नाही. ते दिसले की तिचं एकच वाक्य असायचं, "डबा खाल्ला का?" भीती वाटली असं ती कधीच म्हणाली नाही.

बाबांना रिटायर होऊन बरीच वर्षं झालीत. मला वाटलं होतं, ते सगळं आपण क्वार्टरच्या किल्लीबरोबर परत केलं.

तर डेक. वेटर लायटर घेऊन मेणबत्ती लावायला आला, तसे बाबा खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "राहू द्या भाऊ, दिसून राहिलं आमाले." मी हसले. खरं तर तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता... कारण मी चोरून ॲनिव्हर्सरी पॅकेज बुक केलं होतं. केक, गाणं आणि सरप्राइज. सरप्राइज म्हणजे नेमकं काय, हे मी विचारलंच नव्हतं.

सूप संपत आलं होतं. अचानक सगळे दिवे गेले. आणि आमच्या खुर्च्यांच्या अगदी मागे धाडकन आवाज झाला...

दिवे आले तेव्हा वरून चमकीचे कागद पडत होते, ते उडवायची लांब नळी हातात घेऊन एक जण मागे हसत उभा होता, स्पीकरवर गाणं सुरू झालं होतं. बाबा टेबलाची कड घट्ट धरून बसले होते. आईची खुर्ची रिकामी होती.

वॉशरूममध्ये पाहिलं, नव्हती. फोन पर्समध्ये आणि पर्स खुर्चीवर. डेकच्या तिन्ही बाजूंना पाणी, आणि कठडा म्हणून फोटोत छान दिसणारी एक दोरी... मी काठाकडे पळाले. डेकवरून काठावर नेणाऱ्या छोट्या लाकडी पुलावर, अगदी दोरीला लागून, आईची चप्पल पडली होती.

एकच.

मी वाकून खाली पाहिलं. पाणी काळं होतं आणि हलत नव्हतं. आईला पोहता येत नाही. "आई" म्हणून जोरात हाक मारली... वेटर मोबाइलचे टॉर्च पाण्यावर फिरवू लागले, मॅनेजर कुणाला तरी दोर आणायला सांगत होता. आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, ही जागा मी निवडली.

मागून बाबा आले. त्यांनी चप्पल उचलली. पाण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मॅनेजरला फक्त विचारलं, "गेट कोन्या बाजूनं आहे?"

क्षणभर मला त्यांचा राग आला. मग कळलं... आणि मी त्यांच्या पुढे धावले.

रिसॉर्टच्या गेटबाहेर, रस्त्याच्या पलीकडे आई उभी होती. एक पाय अनवाणी, पदर मुठीत आवळलेला, नजर गेटवर. मी तिच्या समोर जाऊन उभी राहिले, पण तिला मी दिसतच नव्हते.

बाबा गेटमधून बाहेर आले तशी ती रस्ता ओलांडून गेली. त्यांचे दोन्ही हात हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले.

"जेवले का तुमी?"

"नाही," बाबा म्हणाले. "तू निंगून आली नं." आणि खाली वाकून त्यांनी चप्पल तिच्या पायाशी ठेवली.

केक तिथेच राहिला. धाब्यावर ट्यूबलाइटच्या उजेडात आम्ही मासे खाल्ले, बाबांच्या पोळ्यांबरोबर. शेवटी न राहवून विचारलंच, "आई, बाबा तर तुझ्या बाजूलेच बसले होते. मग गेटवर काहून गेली?"

ती बाबांच्या ताटातल्या माशाचे काटे काढत होती. वर न बघता म्हणाली, "पायाले का मालूम, तुहे बाबा रिटायर झाले म्हून?"

लहानपणी मला वाटायचं, बाबा त्या गेटमधून रोज बाहेर येतात यात विशेष ते काय... सगळ्यांचेच बाबा घरी येतात. ते दरवेळी आले, शनिवारीही आले. त्याबद्दल आज पहिल्यांदा हात जोडतेय.